मिठाकडे जाणारा महिपती

महिपतीला रंगमंचावर खोटं काही चालत नसे. नाटक हा सगळा खोट्याचाच कारभार, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ते मानलं नसतं. लग्नाचा प्रवेश असला की हार झेंडूचेच हवेत, कागदी नकोत. मालकाच्या अंगणात बोकड बांधलेला आहे असं संहितेत असलं, की महिपती बोकड आणी. एका वर्षी या दोन अस्सल वस्तू एकाच प्रवेशात आल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत बोकडाने वराचा हार खाल्ला आणि तो वधूच्या हाराकडे वळला. वधू मी होते. मी हार डोक्याच्या वर उचलून धरला, बोकड मागच्या दोन पायांवर उभा राहिला, आणि आजही त्या गावातलं कोणी भेटलं की माझ्या नव्हे, त्या बोकडाच्या अभिनयाची आठवण काढतं.

मी रोह्याची, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावाची. तरुणपणी मुंबईच्या नाटक कंपन्यांत बारीकसारीक कामं केली, मग इकडे परतले. तेव्हा पेण-रोह्याकडच्या गावांतून जत्रेला हौशी नाटकं होत. पुरुष गावचेच, बायका मात्र बाहेरून आणायच्या. 'पात्र आणलंत का?' असं लोक विचारत. ते पात्र मी. एक तालीम, एक प्रयोग, सकाळची एसटी. महिपतीच्या मंडळात मात्र मी वर्षानुवर्षं गेले. त्या नाटकांत तो माझा दीर झाला, नवरा झाला, एकदा सासराही झाला, म्हणून इथे त्याला एकेरीत लिहिते आहे. तोंडावर आम्ही एकमेकांना अजून 'तुम्ही'च म्हणतो.

त्याचं गाव पेणच्या पुढे, खाडीला लागून. नाव लिहीत नाही. गावकीचे प्रमुख दाजी यांना ते आवडायचं नाही. महिपतीचं घराणं मिठागरातलं. तिकडे मिठागराला नुसतं आगर म्हणतात आणि आगरात राबणारे ते आगरी. महिपती चालायला शिकला तो आगराच्या बांधावर. चिखल पायांनी तुडवून वाफ्याचा तळ घट्ट करायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाने ते आटलं की मीठ ओढायचं, हे त्याला अक्षरांच्या आधी आलं. पुढे एका उधाणाला बांध फुटला. मालकाने तो पुन्हा बांधला नाही. त्या वर्षी त्यांच्या घरात चूल कशी पेटली, ते त्याची बायको मैना सांगते. तो सांगत नाही. तो रोह्याला आला, एका कंपनीत बॉयलरवर लागला आणि शिफ्ट करत करत निवृत्त झाला. संसार रोह्यात झाला, मुलं रोह्यात शिकली, पण गावच्या जत्रेचं नाटक त्याने सोडलं नाही. चैत्र जवळ आला की हा रजा टाकी आणि नागोठण्यावरून पेणची गाडी पकडी.

"तुमच्या डोक्यात खार शिरलाय," मैना म्हणे. जमिनीत खार शिरला की तिथे पुढे काही पिकत नाही. एवढं तिकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि पिकत काही नव्हतंच. नायिका पावसात भिजते अशा नाटकात त्याने खाडीचं पाणी पंपाने रंगमंचावर आणलं. खारं पाणी दिव्यांच्या वायरींवर उडालं आणि तिसरा अंक गावाने बॅटऱ्यांच्या उजेडात पाहिला. साधूच्या गुहेत त्याने एकदा खरं मधाचं पोळं टांगलं. त्या प्रयोगाविषयी मी लिहीत नाही, त्या रात्रीचे बरेच प्रेक्षक अजून हयात आहेत. प्रत्येक प्रयोगानंतर महिपती तोंडावरचा रंग पुसत म्हणायचा, "पुढल्या साली नीट करू." आणि गाव म्हणायचं, "महिपती शिकत नाय." हे वाक्य लोक इतक्या वेळा बोलले की ते त्याचं आडनाव आहे असं नव्या सुनांना वाटे.

मी त्याला हसत असे. पण दर वर्षी त्याचं बोलावणं आलं की माझी पिशवी आधीच भरलेली असे, हेही खरं.

गेल्या दिवाळीत गावकीची बैठक झाली. दाजी कधीकाळी महिपतीच्या नाटकात राजपुत्र होते आणि मधमाश्यांच्या प्रयोगात पहिल्या रांगेत होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला दोन्ही बाजूंचा अनुभव होता.

"महिपती," ते म्हणाले, "पोरांना आर्केस्ट्रा हवाय. मी त्यांना सांगितलं, एक संधी महिपतीला द्या. यंदा लोक शेवटपर्यंत बसले, तर नाटक पुढे चालू. मधून उठून गेले, तर जत्रेचा मांडव आर्केस्ट्राला. कायमचा. कबूल?"

"कबूल," महिपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. सत्तरी ओलांडलेला माणूस, सहामाहीत नापास झालेल्या पोरासारखा.

"बाय, लोकं शेवटपर्यंत बसतील असं नाटक कंचं असतं ओ?"

"ज्यात बोकड नसतो," मी म्हटलं.

त्याला हसू आलं नाही. मग मलाही आलं नाही. त्याची कंपनी सुटली, आगर सुटलं, जत्रेतली ती एक संध्याकाळ तेवढी उरली होती, आणि ती आता एका गिटारवाल्याकडे जाणार होती.

संक्रांतीला त्याची नात नमिता पुण्याहून आली. ती तिथल्या एका विज्ञानसंस्थेत पीएच.डी. करते. 'शिकणं आणि स्मरण यांचं जनुकशास्त्र' असा तिचा विषय. शिकण्याचं काम करते म्हटल्यावर अख्ख्या आळीने ती शाळेत लागली असं धरलं होतं. पुढे ती बारीक कृमींवर काम करते असं कळलं, तेव्हा शेजारणी पोरांना घेऊन आल्या आणि जंतांचं औषध मागू लागल्या. ती बिचारी म्हणे, "माझे किडे वेगळे आहेत हो, ते कोणाच्या पोटात नसतात." शेजारणी म्हणत, "मग पुण्याला जाऊन शिकलीस काय?"

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे तिळगूळ घ्यायला गेले होते. मैनाने चहा टाकला होता. महिपती नाटकाच्या चिंतेत भिंतीकडे बघत पडला होता. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "केवढा असतो गो तुझा किडा?"

"मिलिमीटरभर. काचेसारखा पारदर्शक. सगळ्या अंगात मिळून मज्जापेशी तीनशे दोन."

"एवढ्यात भागतं त्याचं?"

"भागतं की. तेवढ्यात तो शिकतो, लक्षात ठेवतो, विसरतोसुद्धा."

"मग गावकीत घ्या त्याला," मैना म्हणाली.

"राहतो कुठे?" मी विचारलं.

"बाहेर असला तर मातीत, सडक्या फळांत. आमच्याकडे अगरवर."

महिपतीची मान भिंतीकडून वळली. "कुठं?"

"अगरवर, आजा. ताटलीत अगर ओततो आम्ही. तो थिजला की त्यावर—"

"आगरावर राहतो!" महिपती उठून बसला. "मैने, ऐकलंस? आपल्यातला हाय तो!"

"आजा, आगर नाही. अ-गर. जेलीसारखा पदार्थ असतो. समुद्रातल्या शेवाळापासून करतात."

"समुद्रातनंच येतो ना?"

"हो, पण—"

"थिजवता ना उथळ वाफ्यात?"

"ताटलीत."

"मंग झालं तर."

पीएच.डी.च्या परीक्षकांपुढे न अडखळणारी नमिता इथे तिळगुळाच्या डब्याकडे बघू लागली. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"आणि मिठाचं काय?" महिपतीने विचारलं. "आगरावरचा किडा, त्याला मीठ चालतं?"

नमिताच्या चेहऱ्यावर कळ आल्यासारखं झालं, कारण आता पुढे काय होणार हे तिला दिसलं असावं. पण ती खोटं बोलणारी मुलगी नाही. "मीठ आवडतं त्याला," ती म्हणाली. "ताटलीत एका बाजूला किंचित मीठ असलं की तो तिकडे जातो. मिठाजवळ खायला मिळतं, हा त्याचा अनुभव. पण त्याला काही तास मिठात ठेवलं आणि खायला दिलं नाही, तर तो शिकतो. मीठ म्हणजे उपास. पुढच्या वेळी मिठाकडे पाठ फिरवून जातो."

मैनाने चहा गाळता गाळता एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"सगळे शिकतात?" मी विचारलं.

"नाही ना. तेच तर माझं काम. माझ्याकडे एक वाण आहे, त्यात एक जनुक बिघडलेलं आहे. जन्मापासूनच. त्याला कितीही उपाशी ठेवा, तो पुन्हा मिठाकडेच जातो. शिकतच नाही."

मग मैना अशी हसली की तिला गाळणं खाली ठेवावं लागलं. "अगो, मग तो पुण्याला कशाला ठेवलास? आमच्या घरात आयता हाय!"

महिपती मात्र हसला नाही. तो हळूहळू म्हणाला, "जन्मापासून. म्हंजे त्या किड्याचा काय दोष नाय."

"नाही. जनुकाचा."

"ऐकलंस, मैने? दोष नाय." कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसासारखा त्याचा आवाज झाला होता. मग तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे मी ओळखले. बोकडाच्या वर्षी असेच होते.

"बाय, नाटक गावलं."

नाटकाची मांडणी सोपी होती, हे मी कबूल करते. पहिल्या प्रवेशात आगरावरचे किडे आनंदाने मिठाकडे धावतात. दुसऱ्यात त्यांना मिठात उपाशी ठेवलं जातं. तिसऱ्यात शहाणे झालेले किडे मिठाकडे पाठ फिरवून निघून जातात आणि एकटा बिघाडवाला किडा मिठाकडे चालत राहतो, एक मोठं भाषण करतो, पडदा. बिघाडवाला अर्थातच महिपती. बाकीचे किडे गावातले तरुण, त्यांचा म्होरक्या हरेश, नागोठण्याजवळच्या कारखान्यात वेल्डर. पांढऱ्या कोटातली शास्त्रज्ञ मी. माझ्या वयाची शास्त्रज्ञ मिलिमीटरभर किडा कसा बघणार, असं नमिताने विचारलं. महिपती म्हणाला, "चश्मा लावतील त्या."

तालमी रविवारी देवळाच्या सभामंडपात होत. नमिता एका रविवारी मुद्दाम पुण्याहून आली. पांढरे बनियन घातलेली पाच धडधाकट पोरं फरशीवर धावताना पाहून तिने कपाळाला हात लावला.

"आजा, किड्यांना पाय नसतात."

"माहिती हाय."

"मग हे धावतात काय? किडा सरपटतो. पोटावर. अंगाची नागमोडी करत."

"पोरी, झोपलेला नट मागच्या रांगेला दिसत नाय."

"पण विज्ञानात—"

"विज्ञानाला मागची रांग नसते. नाटकाला असते."

इथे मात्र मी मनातल्या मनात महिपतीच्या बाजूने होते. आयुष्यभर मी मागच्या रांगेसाठी ओरडले आहे. नमिता म्हणाली, "करा काय करायचं ते," आणि हरेशला नागमोडी हात कसे हलवायचे तेवढं दाखवून गेली.

तालमीत मिठाच्या जागी रांगोळी पसरत. पोरं बेधडक त्यावरून धावत. "तालमीला चालतंय," महिपती म्हणाला, "प्रयोगाला खरं आणू." 'खरं' हा शब्द मी ऐकला. पण म्हटलं, मीठ काही हार खात नाही.

जत्रेच्या दिवशी पालखी देवळात परत गेली, तिन्हीसांजेला मांडव भरला. दाजी पहिल्या रांगेत मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांच्या शेजारी पोरांचा पुढारी, फोनवर आर्केस्ट्रावाल्याशी बोलत. आत रंगमंचावर महिपतीने एका चालू असलेल्या आगरातून आणलेली पोती रिकामी केली होती. रंगमंचाचा उजवा अर्धा भाग घोट्याइतक्या मिठाने भरला होता. दिव्यांत ते असं चमकत होतं की मी मुंबईतही तसं नेपथ्य पाहिलं नव्हतं.

"आजा," नमिता म्हणाली, "माझ्या ताटलीत या प्रमाणात मीठ टाकलं तर किड्यांचं लोणचं होईल."

"मागच्या रांगेला दिसलं पायजे," महिपती म्हणाला.

पडदा पहिल्याच ओढीला उघडला. तेव्हाच मला जरा शंका आली. मी पांढऱ्या कोटात पुढे गेले, चश्मा नाकावर सरकवला, टाळी घेतली आणि खड्या आवाजात म्हटलं, "पाहा मंडळी, मीठ दिसताच हे जीव कसे धाव घेतात! सोडा किडे!"

हरेश आणि त्याचे चार जोडीदार डावीकडून धावत निघाले आणि मिठाच्या कडेला येऊन एकदम थांबले. पाचही जण. पाच सायकलींना एकच ब्रेक असावा तसे.

मला काही कळेना. मी पुन्हा म्हटलं, "कसे धाव घेतात!"

"काका," हरेश विंगेकडे बघून कुजबुजला, पण माइक चालू होता. "काका, रास हाय ती."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि एव्हाना सगळ्या मांडवाच्याही. वाफ्यातला चिखल तुडवायचा, पाणी तुडवायचं, त्यात काही नाही. पण एकदा मीठ ओढून त्याची रास लागली, तिच्यावर नारळ फुटला, की ती लक्ष्मी. तिला पाय लावायचा नाही. घरात चिमूटभर मीठ सांडलं तर बायका ते ओल्या बोटाने टिपून घेतात. हे त्या पोरांना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यातल्या एकानेही मिठागरात एक दिवसही काम केलेलं नव्हतं. पण त्यांचे पाय थांबले. आणि महिपतीने स्वतः पोती रिकामी केली ती बाहेर उभा राहून, हात लांब करून, इतक्या सहज की आपण पाय टाळतो आहोत हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. रांगोळीवर हा प्रश्नच आला नव्हता.

"हरेश!" बायकांच्या बाजूने त्याच्या आईचा आवाज आला. "पाय लावून तर बघ, घरी ये मग!"

मांडव हसला. मी वेळ मारून नेली. "मंडळी, हे किडे आधीच शिकून आलेले दिसतात!" टाळी मिळाली. पण पुढे काय? जे मिठाकडे गेलेच नाहीत, त्यांना मिठात उपाशी कसं ठेवणार, आणि त्यांनी पाठ फिरवली तरी त्यात नवं काय? नाटक पहिल्या प्रवेशातच संपलं होतं. पाच किडे हात नागमोडी हलवत जागच्या जागी उभे होते. मी कोटाच्या खिशात काही सापडतं का ते बघितलं.

मग मागून तो आवाज आला. प्लास्टिकच्या खुर्च्या मागे सरकल्याचा. आधी एक, मग तीन-चार. रंगमंचावर आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज कुठेही ओळखता येतो. दाजींनी वळून मागे पाहिलं. शेजारच्या पोराने फोन पुन्हा कानाला लावला.

महिपतीचा प्रवेश तिसऱ्यात होता. तो तेव्हाच आला. पांढरं धोतर, उघडं अंग, पायांत काही नाही. मोठं भाषण त्याला तोंडपाठ होतं, 'मी बिघडलेला, मला शिकता येत नाही' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. तो मिठाच्या कडेला आला आणि त्याचे पायही थांबले. अंगठे आत वळले. मी त्याच्या अगदी जवळ होते. तो मिठाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे नाटक नव्हतं.

मागे आणखी खुर्च्या सरकल्या.

महिपतीने गुडघे टेकले. हात जोडले. मग आडवा झाला, पोटावर, दोन्ही हात अंगाशी, आणि कपाळ पुढे करून मिठात शिरला. अंगाची नागमोडी करत, नमिताने सांगितली होती तश्शी. मिठाचा करकर आवाज माइकने मांडवभर नेला. पायांची बोटं त्याने वर उचलून धरली होती. ती राशीला लागली नाहीत.

"कुठं गेला?" मागच्या रांगेतून कोणी ओरडलं. "दिसत नाय!"

झोपलेला नट मागच्या रांगेला दिसत नाही, हे महिपतीचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. त्यामुळे जे उठून चालले होते ते गेले नाहीत. ते खुर्च्यांवर चढले. त्यांच्या पुढचेही चढले. लोक शेवटपर्यंत बसले पाहिजेत ही अट होती. तो अख्खा मांडव शेवटपर्यंत उभा होता.

हरेशने एकदा आईकडे पाहिलं आणि तोही आडवा झाला. मग बाकीचे चौघे. एक म्हातारी म्हणाली, "लोटांगण घालतायत गो," आणि तिने हात जोडले. पालखीबरोबरचा ढोलवाला अजून मांडवाच्या दाराशी होता, त्याने ढोलावर काठी घातली. पुढच्या प्रवेशात शिकून पाठ फिरवायचं होतं, पण कोणी फिरवेना. गावासमोर मिठाकडे पाठ कोण करणार? सगळे किडे, धड आणि बिघडलेले, मिठात एकत्र. माझं शेवटचं वाक्य होतं, "यावरून असे सिद्ध होते की—" काय सिद्ध होतं ते मला कळेना. मी नमिताकडे पाहिलं. ती विंगेत तोंडावर ओढणी धरून उभी होती, हसत होती की रडत होती कोण जाणे. मी म्हटलं, "पडदा!"

पडदा अडकला. तेवढं नेहमीसारखं झालं.

नंतर लोक रंगमंचाजवळ आले आणि कपाळाला लावायला चिमूट चिमूट मीठ घेऊन गेले. दाजी आत आले, त्यांच्याही रुमालात पुरचुंडी होती. महिपती एका पिंपाशेजारी बसून डोळ्यांवर पाणी मारत होता.

"महिपती, तुझेपण डोळे भरून आले रे," दाजी म्हणाले.

"मीठ गेलंय."

"ते ऱ्हाऊ दे. हे जत्रेत कायम ठेवायचं. गावकीने आत्ताच ठरवलं."

महिपतीने चेहरा वर केला. पाणी हनुवटीवरून गळत होतं. "नाटक?"

"नाटक कशाला? हे लोटांगण. पालखीनंतर, दर साली, तूच पुढे. मग आर्केस्ट्रा." दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीठ लागलेलं बघून काढून घेतला.

आठवड्याने मी रोह्याला त्याच्या घरी गेले. तो उघड्या अंगाने उताणा पडला होता आणि मैना त्याच्या छाती-पोटाला खोबरेल लावत होती. कातडं सोललं होतं. "डोक्यातला खार आता अंगात उतरला," ती म्हणत होती. "आता काय उरलं ते सांगा, तिथंपण लावते." नमिता सुट्टी संपवून निघायच्या तयारीत होती. तिने फोनवर प्रयोगाचं चित्रण लावलं होतं.

"मंग?" महिपतीने पडल्या पडल्याच विचारलं. "बिघाडवाला किडा बरोबर केला की नाय?"

"सरपटलास झकास. पण किडा चुकीचा केलास."

"का गो?"

"आजा, तो बिघडलेला किडा मिठाकडे प्रेमाने जात नाही. त्याला मीठ आणि भूक यांचा संबंधच जोडता येत नाही, म्हणून जातो. तुला बांध फुटला ते वर्ष आठवतं?"

मैनाचा हात त्याच्या छातीवर थांबला.

"आठवतं," तो म्हणाला.

"बोकड?"

"आठवतो."

"मधाचं पोळं?"

"त्याचं नाव काढू नको."

"मग तुझं जनुक शाबूत आहे, आजा. काही बिघडलेलं नाही. तू सगळं आठवून जातोस."

महिपतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. संक्रांतीला मिळालेला निकाल वरच्या कोर्टाने फिरवला होता.

"म्हंजे आतापर्यंतचं सगळं," तो म्हणाला, "मीच, समजून-उमजून?"

"समजून-उमजून."

"ऐकलंत?" मैना म्हणाली, आणि तेलाचा हात पुन्हा फिरू लागला, जरा सावकाश. "आता जनुकावर घालू नका."

तो बराच वेळ डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं डोळा लागला. नमिताने पिशवी उचलली, त्याच्या पायांना हात लावला, तरी तो हलला नाही. मग मिटल्या डोळ्यांनीच तो बोलला.

"बाय."

"बोला."

"दाजीला लोटांगण पायजे ना? देऊ की. पण लोटांगण एकदम कसं सुरू होणार? त्याच्या आधी एक अंक तरी लागेल. आणि मागं एक." तो कोपरांवर उठला, कळ आली, तरी उठला. "पहिल्या अंकात बांध फुटतो. खाडी जवळ हाय, उधाणाची तिथी बघून खरं पाणी—"

"अहो!" मैना म्हणाली.

"तुमचं आता वय झालं, बाय, शास्त्रज्ञ शोभत नाय तुमाला. कोट नमिताला देऊ. तुमी किडा व्हाल?"

मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. उजवा पावसाळ्यात दुखतो, डावा बाराही महिने.

"झोपून की उभं राहून?" मी विचारलं.